कोरा चौकोन

पत्रिकेवर चार गणपती होते. पुणतांब्याला पोचेपर्यंत त्यांचे चार इंग्रजी डी झाले.

नवरदेवाच्या चुलत्यांचा फोन आला. "ताई, पत्रिका झकास हाय, पर वरच्या अंगाला डी डी डी डी कशाला? आमच्या घरात डी नावाचं कुणीच न्हाई."

"काका, ते गणपती आहेत."

ते म्हणाले, "असतील. पर आमच्याकडं येताना त्यांनी वेश बदलला."

पाथर्डीच्या एसटी स्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड, अर्ज, दशक्रियेचे निरोप, जे लिहून हवं ते मी कॉम्प्युटरवर बसवून देते. या धंद्यात पंचवीसेक वर्षं गेली. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे टायपिंग. टायपिंग कुणीही करतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं: मी इथे जे बसवलं ते समोरच्याला तसंच दिसतंय का, हे बघण्याचं. मला विचाराल तर यात जितकी मजा आहे तितकी दुसऱ्या कशातच नाही. रोज सकाळी शटर वर करताना मला अजूनही उत्सुकता असते, की आज कोणाचा ॐ कुठे गायब झालाय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही मोबाईलवरून सूर्याचं चिन्ह पाठवता तेव्हा सूर्य जात नाही. त्याचा नंबर जातो. जगातल्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक नंबर ठरवून दिलाय. समोरच्या फोनला तो नंबर मिळाला की तो आपल्या पोटातल्या कपाटात बघतो: या नंबरचं चित्र आपल्याकडे आहे का? असेल तर दाखवतो. म्हणून माझ्या फोनवरचा सूर्य हसरा आणि तुमच्या फोनवरचा नुसता गोल असू शकतो. कपाटात ते चित्रच नसेल, तर फोन काय करतो? एक कोरा चौकोन काढून ठेवतो. म्हणजे "काहीतरी आलंय, पण माझ्याकडे नाही."

गणपतींचं प्रकरण त्याहून जुनं. हे नंबर सगळीकडे पोचायच्या आधी आम्ही ज्या फॉन्टमध्ये काम करायचो, त्यात डीची कळ दाबली की गणपती उमटायचा. फॉन्ट माझ्याकडे, म्हणून गणपती माझ्याकडे. काकांकडे फॉन्ट नाही, म्हणून काकांकडे डी. उपाय सोपा. पूर्ण पत्रिकेचं चित्र करायचं आणि चित्र पाठवायचं. चित्र वेश बदलत नाही. तेव्हापासून चार गणपती कुठेही सुखरूप पोचतात.

माझ्या शेजारच्या गाळ्यात शेख चाचा शिलाईचं काम करतात. सत्तरीच्या पुढचे आहेत, पण सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवतात. एकदा ईदचा बॅनर केला. मी हौसेनं चिन्हांच्या यादीतून चंद्रकोर उचलली, दोन चांदण्या लावल्या. चाचा दाराशी उभे राहून बराच वेळ निरखत होते.

"बेटी, चांद उलटा हाय."

"चाचा, चंद्राला कसलं उलटं-सुलटं?"

"असतं. ईदचा चांद मगरिबला दिसतो. सूर्य बुडाला त्या अंगाला त्याचं पोट असतं. तू लावलास तो पहाटंचा. महिना संपतानाचा. आमी काय रोजे संपल्यावर परत मागं जायचं का?"

मी तो चंद्र तीन फोनवर उघडून बघितला. एकावर पोट एकीकडे, दुसऱ्यावर दुसरीकडे, तिसऱ्यावर त्याला नाकडोळे. नंबर एकच! मी त्या दिवशी इतकी खूश झाले की चाचांना चहा पाजला. त्यानंतर माझा नियम झाला: कोणतंही चिन्ह दोन कॉम्प्युटर आणि तीन फोनवर बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. त्या तीनही फोनना मोठा काचेचा पडदा होता, ही गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. ती कशी लक्षात आली तेच सांगायला बसले आहे.

दिवाळी उरकली की आमच्या तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या ट्रकवर भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या चढवून निघतात. त्या गडबडीत मंदा दुकानात आली. तीस वर्षांची असेल. बरोबर नवरा बबन. तिच्या हातात सरकारी दवाखान्यातला कागद होता.

"ताई, ह्याचं मोठं अक्षर करून द्या."

"तुला वाचता येतं?"

"न्हाई."

"बबन, तुला?"

"आकडं येत्यात. अक्षर न्हाई."

"मग मोठं करून काय उपयोग?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मंदा म्हणाली, "मोठं केल्यावर कुनीबी वाचून दाखवील, म्हनून."

मंदाला फिट येत होती. मागच्या हंगामात फडात आली. हातात कोयता असताना पडली, पायाला टाके पडले. आता डॉक्टरबाईंनी गोळी बदलली होती, पण एकदम नाही. जुनी पांढरी गोळी दर आठवड्याला थोडी कमी करायची आणि शेवटी बंद करायची. नवी पिवळी दर आठवड्याला वाढवायची. सहा आठवड्यांचा हिशेब, प्रत्येक आठवडा वेगळा, सकाळ वेगळी, रात्र वेगळी. मी शिकलेली, तरी तो कागद मला दोनदा वाचावा लागला. आणि हे दोघं निघाले होते पार कोल्हापूरकडच्या फडावर.

मी म्हटलं, "कागद हरवेल, नाहीतर उसाच्या पाचटाबरोबर जळेल. मी दर रविवारी त्या आठवड्याचं तुमच्या फोनवर पाठवते. अक्षर नाही, नुसती चित्रं. सूर्य म्हणजे सकाळ, चंद्र म्हणजे रात्र. त्याच्यापुढे जितके पांढरे गोल तितक्या पांढऱ्या गोळ्या, जितके पिवळे गोल तितक्या पिवळ्या."

"नुसतं फोन करून सांगितलं तर?" बबन म्हणाला.

"सोमवारी ऐकलेलं गुरुवारी आठवतं तुला?"

"सोमवारचं सोमवारी आठवत न्हाई त्याला," मंदा म्हणाली.

पहिल्या आठवड्याचं मी तिथेच समजावलं, त्यांच्याकडून घोकून घेतलं. दुसऱ्या आठवड्याचा मेसेज रविवारी पाठवला. सूर्य, गोल, चंद्र, गोल, सगळं ओळीत. माझ्या तीनही फोनवर इतकं सुरेख दिसत होतं की मी कौतुकानं दोन-तीनदा उघडून बघितलं. निरक्षर बाईला वाचता येईल असा मजकूर आपण तयार केला, याचा मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

मंगळवारी दुपारी चाचा आले. त्यांच्या गाळ्याची कार्डं तयार झाली होती, म्हणून मी सकाळी त्यांना मेसेज टाकला होता. त्यात कात्री, दोऱ्याचं रीळ, बरोबरची खूण, अशी सगळी सजावट. चाचांनी आपला बटणांचा छोटा फोन माझ्या टेबलावर आपटला.

"हे काय धाडलंस? चौकटीच चौकटी! कापड मोजायचं का यात?"

मी बघितलं. कात्री नाही, रीळ नाही. पडद्यावर ओळीनं

□ □ □ □

एवढंच. मला हसू फुटलं. "चाचा, तुमच्या फोनच्या कपाटात ही चित्रंच नाहीत. म्हणून तो कोरा चौकोन..." आणि माझं वाक्य तिथेच तुटलं. मंदाचा फोन डोळ्यांसमोर आला. तिनं निघताना कनवटीतून काढून नंबर द्यायला दाखवला होता. हाच. बटणांचा. रंगसुद्धा हाच.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. फडावर चार्जिंग कुठलं?

"चाचा, तुम्हाला वाचता येत नसतं आणि असे चौकोन आले असते, तर तुम्ही काय समजला असता?"

"मी? मोजले असते."

म्हणजे तिनं चौकोन मोजून तितक्या गोळ्या घेतल्या असतील? सूर्यचंद्रासकट? आता त्या टोळीतलं दुसरं कोण मला माहीत आहे? मुकादम! बरीच वर्षं झाली, त्यांना फडावर नेणाऱ्या विष्णू मुकादमाचं व्हिजिटिंग कार्ड मीच केलं होतं, वर दोन कोयत्यांची फुली काढून. फाईल असणारच. मी काहीही पुसत नाही.

फाईल सापडली. उघडली. सगळा कचरा! जुन्या फॉन्टमधलं काम, तो फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलेला. मुकादमाचं नाव म्हणजे टोपी घातलेला ए आणि उलटं प्रश्नचिन्ह. फोन नंबरच्या जागी पौंडाची खूण, वर्तुळातला सी, दोन टिंबं, असली दहा चिन्हं. त्या फॉन्टमध्ये मराठी आकडेसुद्धा असल्या आडवळणाच्या जागी कोंबलेले होते.

पण मी त्या फॉन्टमध्ये निम्मं आयुष्य काढलंय. कपाटाच्या दाराला आतून कळांचा तक्ता अजून चिकटवलेला होता, कोणत्या जागी कोणतं अक्षर याचा. मी दार उघडून उभी राहिले आणि ओरडून सांगायला लागले. "पौंड म्हणजे नऊ! चाचा, लिहा!"

चाचांनी कानावरचा शिलाईचा खडू काढला आणि माझ्या काऊंटरवरच लिहायला सुरुवात केली. "नऊ. पुढं?"

"वर्तुळातला सी... सात! दोन टिंबं... शून्य!"

दुकानात फॉर्म भरायला आलेली दोन माणसं आमच्याकडे वेड्यासारखी बघत होती. शेवटून दुसरं चिन्ह तक्त्यावर पुसट झालेलं. तीन किंवा आठ. मी तीन धरून फोन लावला.

"कोन?" एक म्हातारी बाई.

"मुकादम आहेत का?"

"न्हाई गं बाई. मी राजूरच्या बाजारात हाय. तांदूळ घ्यायचाय का?"

"नको मावशी, चुकून लागला."

"घे की, लई वासाचा हाय..."

मी फोन ठेवला, तीनचा आठ केला. दुसऱ्या घंटेला मुकादम. मागे कोयत्यांचा आवाज, ट्रॅक्टरची घरघर.

"बोला मॅडम. लवकर. गाडी भरायलोय."

"मंदा कुठे आहे?"

"तोडायलीय. का?"

"तिच्या हातातला कोयता काढून घे आणि तिला फोन दे."

"ओ मॅडम, दुपारचं काम सोडून..."

"विष्णू, मागच्या साली तिचा पाय फाटला तेव्हा तिला दवाखान्यात कोणी नेलं?"

"मीच."

"मग पुन्हा न्यायचं नसेल तर चाल."

तो चालायला लागला. उसाच्या पात्याची सळसळ मला फोनमधून ऐकू येत होती. चाचा माझ्या तोंडाकडे बघत, खडू हातात धरून उभे. मग मंदाचा आवाज आला, धाप लागलेला.

"ताई? काय झालं?"

"गोळ्या किती घेतल्यास? काल, आज?"

"न्हाई घेतल्या की."

"एकही नाही?"

"तुमीच तर खाडा धाडला."

मला कळेना. "मी? खाडा?"

तिनं मला समजावलं, शांतपणे, लहान पोराला समजवावं तसं. मुकादमाच्या हजेरीच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं चौकोन असतात. कामाला आलं की चौकोनात उभी रेघ. नाही आलं की चौकोन कोरा. कोरा म्हणजे खाडा. रविवारी फोनवर दोन ओळी भरून कोरे चौकोन आले. डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या की गोळी कमी करत करत बंद करायची. "बबन म्हनला, या आठवड्याला खाडा सांगितलाय बाईंनी. आमी म्हनलं, बरं झालं."

ती चुकली कुठे? कुठेच नाही. फडावरच्या कुठल्याही बाईनं त्या चौकोनांचा हाच अर्थ लावला असता. चूक माझी होती. लिहिता न येणाऱ्या माणसाला काहीच वाचता येत नाही असं मी धरून चालले होते, आणि काचेचा पडदा नसलेला फोन म्हणजे फोनच नाही असंही.

"तुला काही होतंय का, मंदा?"

"काय न्हाई. सकाळधरनं हात झटका मारतोय. कोयता दोनदा निसटला."

मी मुकादमाला सांगितलं, तिला सावलीत बसव, एकटी सोडू नको, मी पाच मिनिटांत फोन करते. दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे होती, त्यावर नंबर होता. डॉक्टरबाई पहिल्याच फोनला मिळाल्या, हे नशीब. मी जे घडलं ते न लपवता सांगितलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले, आणि मग त्या स्वतः मंदाशी बोलल्या. बुडालेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, ठरलेली मात्रा आत्तापासून सुरू. दोन-तीन दिवस कोयता नाही, चूल नाही, विहिरीवर जायचं नाही. नवरा सोबत. पडलीच तर थेट दवाखाना. बबननं शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, बाईला बोलावून घेतलं आणि पुढच्या अर्ध्या तासात मंदाच्या पोटात गोळी गेली.

आता पुढचं. हा आठवडा आणि पुढचे चार शिल्लक होते आणि माझ्याकडचे सूर्यचंद्र बाद झालेले. मी मंदालाच मुकादमाच्या फोनवर धरलं. ती सावलीत बसूनच होती, तिला वेळ होता.

"मंदा, तुझ्या फोनच्या बटणांवर काय काय आहे ते मला सांग. आकडे सोडून."

"खाली एक चांदनी हाय. एक जाळी हाय, पापड वाळवायची असती तशी. मधी वाटोळं."

मी समोर चाचांचा फोन धरला. खालची रांग. स्टार, शून्य, हॅश. इतकी वर्षं मी ही बटणं बघत होते! चांदणी, वाटोळं, जाळी. जगातला कोणताही फोन घ्या, कितीही जुना, ही तीन चिन्हं त्याच्या अंगावर छापलेली असतात. कपाटात शोधायचीच गरज नाही.

"वाटोळं म्हणजे काय करूया?"

"सूर्व्या," ती पटकन म्हणाली. "आन चांदनी म्हंजी रात. चांदाची काय गरज हाय?"

"आणि गोळी?"

"पांढरीला रेघ लावा की. हजेरीवानी. एक रेघ, एक गोळी. एकच्या बटनाची रेघच असती."

"पिवळीला?"

"जाळी. पिवळी गोळी पापडावानी चपटीच हाय."

मला खुर्चीत बसवेना. दोन मिनिटांत त्या बाईनं असं काम केलं होतं, जे करायला मला तीन फोन, दोन कॉम्प्युटर आणि पंचवीस वर्षं पुरली नव्हती. मी तिथल्या तिथे टाइप केलं:

0 1 #
* 1 #

आधी चाचांच्या फोनवर पाठवलं. ठणठणीत आलं. चाचांनी वाचून दाखवलं, "सुबह एक पांढरी, एक पिवळी. रात को पण तसंच. बेटी, मला बी कळतंय!" तोवर बबननं मंदाचा फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावून चालू केला होता; मग तिला पाठवलं आणि मुकादमाचा फोन चालूच ठेवायला लावला. तिनं ओळ वाचली, एकही चूक नाही. मी डॉक्टरबाईंना परत फोन करून तेच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि लगेच विचारलं, "हे कोणी शोधलं?"

"पेशंटनंच," मी म्हटलं.

तीन दिवस मी रोज दुपारी मुकादमाला फोन केला. पहिल्या दिवशी तो वैतागला, दुसऱ्या दिवशी म्हणाला हात थांबलाय तिचा, तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच आधी फोन करून सांगितलं, "ठीक हाय. मोळ्या बांधायला बसवलीय. कोयता मी ठिवलाय माझ्याजवळ." चौथ्या दिवशी मी फोन केला नाही. पण लक्ष लागत नव्हतं. एका वाढदिवसाच्या बॅनरवर मी मुलाचं नाव दोनदा टाकलं.

मंगळवार आला. त्या घटनेला बरोबर आठवडा. मी एका हरिनाम सप्ताहाची पत्रिका बसवत होते. मंडळी समोर उभी, कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, यावर वाद चाललेला. फोन वाजला. मंदाच्या नंबरावरून मेसेज. मंदाकडून मेसेज? या बाईनं जन्मात काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं चुकून बटण दाबलं गेलं असेल. उघडला.

0*0*0*0*0*0*0*

मंडळींना म्हटलं, थांबा जरा. आणि बोट ठेवून मोजलं. सात सूर्य, सात चांदण्या. मध्ये कुठेही खाडा नव्हता.